वर्षाची बेगमी: मृगाच्या आत धान्य, डाळी आणि तिखट स्वस्तात भरून ठेवण्याची क्रमवार पद्धत

मे महिन्याच्या अखेरीस घाईघाईने दोन क्विंटल गहू आणि चाळीस किलो डाळ घरात आणायची, आणल्या दिवशीच कोठीत ओतायची आणि श्रावणात भुंग्यांसकट चाळत बसायचे, हा प्रकार मी ओळखीच्या अनेक घरांत दर वर्षी पाहते. या घरांना भाव चांगला मिळालेला असतो. पण पाच-सात किलो डाळ फेकावी लागली, की गव्हात किलोमागे वाचलेले चार रुपये तिथेच संपतात. आपल्याकडे साठवणीची खरी कसोटी थंडीत लागत नाही, ती जून ते सप्टेंबर या दमट चार महिन्यांत लागते. म्हणून सगळी कामे मृग नक्षत्र लागण्याच्या बऱ्याच आधी, आणि ठरलेल्या क्रमाने उरकावी लागतात. पुढील पद्धत चार-पाच माणसांच्या, गच्ची किंवा निदान ऊन येणारा सज्जा असलेल्या घराला धरून लिहिली आहे. गच्ची नसलेल्या घरांसाठी सहाव्या पायरीत वेगळी सोय सांगितली आहे.

पायरी १: आधी मोजणी, मग यादी

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला घरातील गहू, तांदूळ, ज्वारी, प्रत्येक डाळ आणि तिखट तोलून एका वहीत लिहावे. महिनाभरात जे नवीन येईल तेही लिहावे आणि शेवटच्या तारखेला पुन्हा तोलावे. हे एवढे काम टाळून "आईकडे दोन क्विंटल भरायचे" या आठवणीवर यादी केली जाते आणि तेथेच पहिली चूक होते; आईच्या घरात नऊ माणसे होती आणि दोन्ही वेळच्या जेवणाला भाकरी-पोळी होती, हे त्या आठवणीत येत नाही.

ज्यांना महिनाभर थांबणे शक्य नाही त्यांनी पोळ्यांवरून हिशेब करावा. मध्यम आकाराच्या एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. दिवसाला २० पोळ्या होत असतील तर ६०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १८ किलो. तांदळाचा भात माणशी ७५ ग्रॅम धरला तर चार माणसांना दिवसाला ३०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ९ किलो. गौरी-गणपती आणि दिवाळीसाठी हरभऱ्याची डाळ वेगळी धरावी. पुरण आणि बेसन यांत ती किती जाते याचा अंदाज बहुतेक जणींचा चुकतो.

आता या मासिक आकड्याला सरसकट बाराने गुणू नये. त्या वस्तूचे पुढचे पीक बाजारात येईपर्यंत किती महिने आहेत, त्या आकड्याने गुणावे. मूग आणि उडीद ही खरिपाची पिके असून ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा येतात. मग एप्रिलमध्ये त्यांची वर्षभराची बेगमी करणे म्हणजे सहा-सात महिन्यांचा जुना माल आणखी वर्षभर सांभाळणे होय. कडधान्य जितके जुने, तितके ते शिजायला हट्टी होते. मूग, उडीद आणि मटकी यांची चार-पाच महिन्यांपुरतीच खरेदी करावी.

इशारा: पहिल्यांदाच बेगमी करणाऱ्यांनी वर्षाचे धान्य भरू नये. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांपुरते भरावे. ते निभावले, तर पुढच्या वर्षी प्रमाण वाढवावे.

पायरी २: कोणती वस्तू कोणत्या महिन्यात

सगळी यादी एकाच फेरीत आणण्याचा मोह मोठा असतो. एकदाच टेम्पो, एकदाच सुट्टी. परंतु प्रत्येक पिकाची आवक वेगवेगळ्या वेळी वाढते आणि भाव त्या आवकेबरोबर उतरतो, त्यामुळे एका फेरीत फार तर दोन-तीन वस्तूच योग्य भावात मिळतात.

तांदळाची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. इंद्रायणी, आंबेमोहोर किंवा कोलम जानेवारीनंतर घ्यावा, कारण अगदी नवा तांदूळ चिकट शिजतो आणि त्याला पाण्याचा अंदाज लागत नाही. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि लातूर, अकोला, अमरावती या भागांतील गिरण्यांची नवी डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात मिळते. हरभरा आणि रब्बीची शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, लाल मिरची जानेवारी ते मार्च, हळद फेब्रुवारीपासून पुढे, लसूण मार्चमध्ये आणि टिकाऊ उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये घ्यावा. चिंच होळीच्या आसपास.

भाव तळाला जाण्याची वाट पाहत बसू नये. आवक भरात असलेल्या पंधरवड्यात जो भाव आहे तो पुरेसा चांगला असतो. आणखी दोन रुपये उतरतील या आशेवर गहू मेपर्यंत लांबवला की वाळवायला ऊन उरत नाही.

पायरी ३: खरा भाव काढणे

बाजार समितीच्या भुसार बाजारातील आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील दर शेजारी ठेवून फरक मोजला जातो आणि तोच बचत समजला जातो. या फरकातून हमाली, वाहतूक, गोणीची किंमत आणि निवडताना निघणारी घट वजा करावी लागते.

समजण्यापुरते आकडे घेऊ. घाऊक बाजारात गहू ३६ रुपये आणि दुकानात निवडलेला गहू ४२ रुपये किलो आहे. दीड क्विंटल घेतला, म्हणजे ५,४०० रुपये. टेम्पो आणि हमाली ४५० रुपये. निवडताना ३ किलो खडे, काडी आणि बारीक दाणे गेले. हाती १४७ किलो गहू आला आणि खर्च ५,८५० झाला, म्हणजे जवळजवळ ४० रुपये किलो. दुकानातून तेवढाच गहू ६,१७४ रुपयांना आला असता. सहा रुपयांची वाटणारी बचत प्रत्यक्षात सव्वादोन रुपयांची निघाली. चार घरांनी मिळून एकच टेम्पो केला आणि प्रत्येकाच्या वाट्याला १५० रुपये आले, तर एकूण बचत ३२४ वरून ६२४ रुपयांवर जाते. बेगमीत पैसा वाचतो तो मुख्यतः या वाटून घेतलेल्या भाड्यात. घासाघिशीत तो फारसा सापडत नाही.

डाळीचा भाव तपासण्याची एक सोपी रीत आहे. १०० किलो तुरीपासून ७० ते ७५ किलो डाळ निघते. त्या दिवशीचा तुरीचा क्विंटलचा भाव ७० ने भागावा आणि त्यात भरडाई व वाहतूक मिळवावी. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. त्या भावाने नुसती तूरच डाळीच्या किलोमागे ११४ रुपयांना पडते. कोणी याहून बरीच खाली डाळ देऊ लागला, तर बाजारात तूर खरोखर तितकी उतरली आहे का हे आधी पाहावे आणि उतरली नसेल तर डाळ जुनी किंवा भेसळीची आहे का ते तपासावे. शेतकऱ्याकडून थेट घेताना मात्र हमीभावाच्या खाली भाव पाडू नये, असे मला मनापासून वाटते. त्याला हमीभावाइतके दिले तरी मधली दलाली आणि दुकानाचा नफा वाचल्याने आपला फायदा होतोच.

आणखी एक गोष्ट. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळींच्या पाकिटांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सुट्या धान्याला आणि मोठ्या गोणीला तो लागू नाही. बाजारात २६ किलोच्या गोण्या दिसतात त्या यामुळे. पाच-पाच किलोची पाकिटे जमवून बेगमी करू नये.

पडताळणी: क्रेडिट कार्डाचे व्याज किंवा उसनवारी करून बेगमी होत असेल, तर यादी निम्मी करावी. व्याज धरले की हा हिशेब तोट्यात जातो.

पायरी ४: माल पाहून घेणे

गोणीच्या तोंडाशी ठेवलेला माल चांगलाच असतो. गोणीच्या मधून आणि तळातून नमुना काढून दाखवायला सांगावे, आणि दाखवायला कोणी तयार नसेल तर पुढच्या दुकानाकडे वळावे. मूठभर धान्य हातात घेऊन घट्ट दाबावे. कोरडे धान्य मूठ उघडताच सुटते आणि ओलसर धान्य तळव्याला गार लागते. एक दाणा दातांखाली घ्यावा. कटकन तुटला तर ठीक. दबून चपटा झाला तर त्यात ओल आहे. वास घ्यावा. कुबट वास आला तर भाव कितीही कमी असो, तो माल घेऊ नये.

कडधान्याच्या दाण्यावर पांढरे, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले तर ती भुंग्यांची अंडी असतात. गोल भोक दिसले तर भुंगा बाहेरही पडून गेलेला असतो. अख्ख्या तुरीपेक्षा डाळ अधिक टिकते, कारण भुंगा दाण्याच्या सालीवर अंडी घालतो आणि डाळीला साल नसते. तूर घरीच भरडून घेणाऱ्यांनी ती अख्खी ठेवून पावसाळ्यानंतर भरडण्याचा बेत करू नये. आधी डाळ करून मग साठवावी.

गावाकडून पायलीने धान्य घेणाऱ्यांनी ते किलोवर तोलून घ्यावे. पायली हे मापाचे परिमाण असल्याने दाण्याच्या आकारानुसार त्यातील वजन बदलते आणि दोन पायल्यांचा भाव एकमेकांशी ताडता येत नाही.

पायरी ५: जागा आणि कोठी, धान्य येण्याआधी

हे काम बहुतेक घरांत धान्य दारात उतरल्यावर सुरू होते आणि म्हणून अर्धवट राहते. कोठीच्या सांध्यात, झाकणाच्या कडेला आणि तळाच्या घडीत गेल्या वर्षीच्या पिठाचा थर असतो. सोंडकिडे आणि पोरकिडे तेथेच जगलेले असतात आणि नवे धान्य हे त्यांचे पुढचे जेवण असते.

कोठी पूर्ण रिकामी करावी, जुन्या टूथब्रशने सांधे खरवडावेत, कोरड्या फडक्याने पुसावी आणि दोन दिवस झाकण उघडे ठेवून उन्हात उलटी-सुलटी तापवावी. पाण्याने धुतली असेल तर तीन दिवस ऊन द्यावे. उरलेले जुने धान्य वेगळ्या डब्यात काढून आधी संपवावे. नव्यावर जुने किंवा जुन्यावर नवे धान्य ओतणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मूठभर किडक्या धान्याने पूर्ण कोठी जाते.

कोठी जमिनीला टेकवू नये, लाकडी फळीवर ठेवावी. भिंतीपासून ती हातभर लांब असावी. स्वयंपाकघराची ओल झिरपणारी भिंत, मोरीची बाजू आणि फ्रिजची गरम पाठ या तिन्ही जागा टाळाव्यात.

पायरी ६: निवडणे, वाळवणे आणि गार करणे

सगळी पद्धत या पायरीवर उभी आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते.

वाळवणाची मुदत १५ एप्रिल ते १५ मे अशी धरावी. मेच्या शेवटच्या आठवड्यावर काहीही ठेवू नये. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि त्याआधीही राज्यात वळवाचा पाऊस बरेच दिवस सुरू होता. त्या वर्षी "शेवटच्या रविवारी वाळवू" म्हणणाऱ्यांची गोणी तशीच ओलसर राहिली.

आधी धान्य चाळून आणि निवडून घ्यावे, मग वाळवावे. उलट केल्यास फुटके दाणे आणि भुसा यांच्यासह ते तापते, आणि वाळवल्यानंतर निवडताना चार दिवस उघडे पडून पुन्हा हवेतील ओल घेते. फुटका दाणा काढणे महत्त्वाचे आहे, कारण पिठात वाढणाऱ्या किड्यांना अख्खा दाणा फोडता येत नाही. त्यांना चुरा लागतो.

गहू, ज्वारी आणि कडधान्ये सुती चादरीवर किंवा जुन्या धोतरावर दोन बोटांपेक्षा जाड थर न करता पसरावीत. गच्चीची फरशी आदल्या संध्याकाळी झाडून ठेवावी, धुऊ नये. सकाळी दहा ते दुपारी चार ऊन द्यावे, तासातासाने हाताने खालीवर करावे आणि चारनंतर घरात आणावे. रात्री गच्चीवर झाकून ठेवलेले धान्य, विशेषतः कोकणात, दिवसभरात गमावलेली ओल रात्रीतून परत घेते. गहू-ज्वारीला दोन ते तीन दिवस, अख्ख्या कडधान्याला दोन दिवस आणि डाळीला एक दिवस ऊन पुरते.

तांदूळ कडक उन्हात टाकू नये. उन्हाने दाण्याला बारीक चिरा जातात आणि शिजताना त्याची कणी होते. तो सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी एक दिवस पसरावा.

मूग, मटकी, चवळी यांत भुंग्याची शंका असेल तर ती वाळल्यावर आणखी एक उपाय करावा. काळ्या प्लास्टिकवर पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक घालावे, कडांवर दगड ठेवावेत आणि भर दुपारी दोन तास तसेच ठेवावे. आतील उष्णता उघड्या उन्हापेक्षा बरीच वाढते आणि दाण्याच्या आत दडलेली अळीही मरते. हा उपाय ओलसर धान्यावर करू नये. वाफ आतच कोंडते.

पडताळणी: स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग धान्य आणि दोन चमचे कोरडे बारीक मीठ घालून झाकण लावावे आणि दोन-तीन मिनिटे जोराने हलवावे. थोडा वेळ ठेवल्यावर मीठ काचेला चिकटलेले दिसले, तर धान्यात सुमारे १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे. मीठ न चिकटणे ही किमान अट समजावी. वर्षभराच्या साठवणीला धान्यात १० ते १२ टक्के आणि डाळीत १० टक्क्यांच्या आत ओल असावी लागते, म्हणून मीठ सुटे राहिल्यानंतरही आणखी एक दिवस ऊन द्यावे.

आता गार करणे. दुपारी चार वाजता गोळा केलेले धान्य हाताला चटका देण्याइतके गरम असते. ते तसेच कोठीत भरून झाकण लावले, की रात्री पत्रा गार होतो, आतील गरम हवेतील ओल झाकणाच्या खालच्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते आणि वरच्या थरावर पडते. एका वर्षी मी चाळीस किलो तूरडाळ अशीच घाईने, गरम असतानाच भरली होती. डाळ अगदी खडखडीत वाळलेली होती आणि कोठीही नवी होती. जुलैमध्ये झाकण उघडले तेव्हा वरची चार बोटे डाळ बुरशीने हिरवट झाली होती आणि कुबट वास तळापर्यंत गेला होता. तेव्हापासून माझ्याकडे धान्य रात्रभर घरात चादरीवर पसरून राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी भरले जाते.

गच्ची नसलेल्या घरांनी शेतकऱ्याकडून किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून वाळवलेलेच धान्य मागावे, प्रमाण तीन-चार महिन्यांपुरते ठेवावे आणि डाळी-कडधान्ये दोन-दोन किलोच्या घट्ट पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवावीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान दिवसभर, ती बंदच ठेवावी, नाहीतर गार दाण्यांवर दव जमते.

पायरी ७: भरणे

भरताना हात आणि माप दोन्ही कोरडे हवेत. एरंडेल तेल लावायचे असेल तर एक किलोला एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, एवढेच प्रमाण ठेवावे आणि ते दोन्ही तळहातांनी दाण्यादाण्याला चोळावे. नुसते वरून ओतलेले तेल एका जागी राहते आणि त्या जागेला खवट वास येतो. जास्त तेल लावलेला गहू चक्कीत चिकटतो. डाळीला तेल लावणार असल्यास गिरणीतच तेल लागलेले आहे का ते आधी पाहावे.

कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो सावलीत पूर्ण वाळवलेला, हातात चुरगळताच मोडणारा असावा. झाडावरून तोडून तसाच घातलेला पाला धान्याला ओल देतो, आणि हे मी शिकल्यासवरलेल्या घरांतही पाहिले आहे.

कोठी काठोकाठ भरावी. रिकामी जागा म्हणजे आत उरलेली हवा, आणि हवेशिवाय किडा वाढत नाही. म्हणून एका मोठ्या कोठीपेक्षा तीन मध्यम डबे बरे. एक उघडला तरी दोन बंद राहतात. रोजच्या वापरासाठी पंधरा दिवसांचे धान्य वेगळ्या डब्यात काढावे. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख आणि वजन लिहून चिकटवावे.

इशारा, आणि हा हलक्यात घेऊ नये: गव्हात टाकायच्या म्हणून कोणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या देऊ लागला, तर त्या घरात आणू नयेत. हवेतील ओल लागताच त्यांतून विषारी वायू सुटतो, बंद घरात झोपलेली माणसे त्याने दगावतात आणि त्यावर उतारा नाही. घरगुती वापरासाठी त्यांची विक्री करण्यास परवानगी नाही. बोरिक पावडरही खाण्याच्या तांदळाला किंवा डाळीला चोळू नये. धुतल्याने ती पूर्ण निघते हा समज आहे. पाऱ्याच्या गोळ्यांपासूनही दूर राहावे. नीट वाळवलेल्या धान्याला यांपैकी कशाचीच गरज पडत नाही.

पायरी ८: कांदा, लसूण, बटाटा

साठवणीला फक्त उन्हाळी, म्हणजे गावरान कांदा घ्यावा. खरिपाचा लाल पोळ कांदा आणि त्यानंतरचा रांगडा कितीही स्वस्त असला तरी टिकत नाही. कांदा घेताना मान पाहावी: बारीक, वाळून बंद झालेली मान असलेला कांदा चार-पाच महिने राहतो; जाड मानेचा, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेला किंवा जोड कांदा महिनाभरात खर्चून टाकावा.

घरी आणल्यावर गोणी तशीच कोपऱ्यात उभी करू नये. कांदे सावलीत आठ-दहा दिवस पसरावेत, साले खुळखुळू लागली की बांबूच्या तट्ट्यावर किंवा जाळीच्या टोपलीत दोन-तीन थरांहून अधिक न रचता ठेवावेत आणि दर आठवड्याला हात फिरवून मऊ पडलेला कांदा काढावा. बटाटा शेजारी ठेवू नये. त्याची ओल कांद्याला लागते आणि दोन्ही नासतात. घरात बटाट्याचा साठा करूच नये, महिन्यापुरता आणावा. लसूण पातीसकट घेऊन जुड्या बांधून टांगावा.

पायरी ९: तिखट, हळद, चिंच, सुकी मासळी

मिरची अख्खीच घ्यावी. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी, असे मिश्रण घराच्या चवीप्रमाणे करावे; भाव ताडताना देठांसह वजन आणि देठ काढल्यानंतरचे वजन यांतील फरक धरावा. मिरची दोन दिवस उन्हात ठेवून, देठ काढून, पुन्हा एक दिवस ऊन देऊन लगेच कांडपाला न्यावी. डंकावरून आणलेले तिखट गरम असते; ते परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावे आणि तळाशी व वर हिंगाचे खडे ठेवावेत. हळदही हळकुंडे घेऊन दळून आणावी.

चिंच चिंचोके आणि शिरा काढून, उन्हात एक दिवस ठेवून, मिठाचे थर देत दाबून भरावी.

किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून सुकट, जवळा, बोंबील यांची खरेदी मेच्या मध्यापर्यंत करावी. गोव्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळी बेगमीच्या बाजारात सुकी मासळी, मिरच्या, चिंच आणि सोलां (आमसुले) एकाच वेळी मिळतात, पण तो बाजार पावसाच्या अगदी तोंडावर भरतो. तेथून आणलेल्या मासळीला उरलेल्या उन्हात त्याच आठवड्यात पुन्हा एक दिवस द्यावा. वाकवल्यावर न तुटता लवणारा बोंबील कच्चा वाळलेला असतो, तो साठवू नये.

हे भरू नये

रवा, मैदा, बेसन आणि कोणतेही पीठ. बाजरीचे पीठ तर आठवडाभरातच कडू होते. शेंगदाणे दोन महिन्यांपेक्षा अधिक ठेवू नयेत, आणि बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे दाणे भाजूनही खाऊ नयेत, कारण त्या बुरशीचे विष भाजण्याने पूर्ण जात नाही. सुके खोबरे खवट होते. तेलाचा पंधरा लिटरचा डबा उघडल्यावर दोन महिन्यांत संपणार नसेल तर घेऊ नये. साखरेचा भाव वर्षभरात फारसा हलत नाही, तिच्यासाठी जागा अडवण्यात अर्थ नाही.

पायरी १०: पावसाळ्यातील देखरेख

जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, उघडीप असलेल्या दिवशी दुपारी झाकण उघडावे. कोपरापर्यंत हात आत घालून पाहावे: धान्य कोमट लागले तर आत कीड किंवा ओल सुरू झाली आहे. बोटांना पिठूळ पांढरा चुरा लागला, जाळी दिसली किंवा पाखरू उडाले तर तो डबा त्याच दिवशी रिकामा करावा, चाळावा, दोन-दोन किलो करून चार दिवस फ्रीझरमधून काढावा आणि तोच आधी वापरावा. चाळलेला चुरा अंगणात किंवा कुंडीत टाकू नये, पिशवी बांधून घराबाहेर काढावा. पाऊस कोसळत असताना डबा उघडून उन्हाची वाट पाहत धान्य पसरून ठेवणे टाळावे. त्या हवेत दोन दिवस उघडे राहिलेले निरोगी धान्यही बिघडते.

ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा तापू लागले की उरलेला गहू आणि डाळ एक दिवस बाहेर काढून वाळवावी, रात्रभर गार करावी आणि पुसलेल्या कोठीत परत भरावी. त्याच वेळी उरलेले वजन वहीत लिहावे. फेब्रुवारीत यादी करताना हा आकडा समोर असेल तर पुढच्या वर्षीचे प्रमाण ठरवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.